गोटी-सोड्याची जुनी बाटली : बोली लावण्यापूर्वी अस्सल की नक्कल कसे ओळखावे?

आमच्या व्यापारी बांधवांपैकी पुष्कळांचा जुन्या वस्तूंशी रोजचा संबंध येतो. मुंबईच्या चोर बाजारातील मटण स्ट्रीटवर पिढ्यान्‌पिढ्या दुकाने चालविणारे आहेत, तसेच भिवंडी, मालेगाव, मिरज अशा गावांतून भंगार गोळा करणारेही आहेत. पितळी भांडी, घड्याळे, कंदील, ग्रामोफोन यांची पारख आमच्या माणसांना उपजत असते. परंतु काचेच्या बाटलीची पारख करणारे त्या मानाने थोडे. गेल्या काही वर्षांत जुन्या सोड्याच्या बाटल्यांना, विशेषतः गोटीच्या बाटल्यांना, देशात आणि परदेशात शौकिनांकडून मागणी आहे. मागणी आली की नक्कलही येते.

मध्यंतरी एक तरुण दुकानदार गडद निळ्या काचेची गोटीची बाटली घेऊन आमच्याकडे आले. एका लिलावात त्यांनी ती चौदा हजारांना घेतली होती. बाटलीच्या ओठाला बारीक कपची उडालेली होती. भिंगातून पाहिले तर कपचीच्या आतली काच हिरवट दिसली. निळा रंग फक्त वरच्या थरापुरता होता. नखावरचे पॉलिश पुसण्याचे औषध कापसाला लावून बुडाशी फिरवले, तर कापूस निळा झाला. बाटली जुनीच होती, पण साधी होती. साध्या बाटलीला पारदर्शक रंग चढवून ती दुर्मिळ म्हणून विकली गेली होती. लिलाव करणाऱ्याच्या पावतीवर “जसा आहे तसा माल” असे छापलेले असल्यामुळे तक्रारीला जागा उरली नाही.

याच्या उलट प्रकारही आम्ही पाहिला आहे. एका वयस्क कबाडीवाल्या चाचांनी खऱ्या निळ्या काचेची बाटली फुटक्या काचेबरोबर किलोच्या भावाने देऊन टाकली. पहिल्याचे नुकसान नक्कल न ओळखल्यामुळे झाले, तर दुसऱ्याचे अस्सल न ओळखल्यामुळे. म्हणून या विषयाची थोडी तपशीलवार माहिती देत आहोत.

ही बाटली आली कोठून?

सोड्यातील वायू बाटलीत टिकवून ठेवणे ही जुन्या काळची मोठी अडचण होती. बूच सुकले की आकसते आणि वायू निसटतो. म्हणून एकोणिसाव्या शतकात अंड्याच्या आकाराच्या, उभ्या न राहणाऱ्या बाटल्या निघाल्या. त्या आडव्याच ठेवाव्या लागत, त्यामुळे बूच ओले राहत असे. या बाटल्यांना शौकीन ‘हॅमिल्टन’ म्हणतात.

पुढे हायरम कॉड या इंग्रज गृहस्थांनी १८७२ साली गोटीच्या बाटलीचे पेटंट घेतले. बाटलीच्या गळ्यात काचेची गोटी आणि ओठाच्या आतल्या खाचेत रबराची चकती. बाटली उलटी धरून दाबाखाली सोडा भरायचा. सरळ केली की आतला वायू गोटीला वर ढकलतो, गोटी रबरावर घट्ट बसते आणि बाटली आपोआप बंद होते. उघडताना गोटी खाली दाबायची. ओतताना ती पुन्हा तोंडाशी येऊ नये म्हणून गळ्याला दोन खळ्या दिलेल्या असतात. या खळ्यांत गोटी अडकते.

इंग्लंडमधील बार्न्सली हे या बाटल्यांचे मोठे केंद्र होते. तेथील डॅन रायलँड्स यांच्या नावाच्या बाटल्या, तसेच सोड्याची यंत्रे व बाटल्या पुरविणाऱ्या लंडनच्या बार्नेट अँड फॉस्टर यांच्या बाटल्या जगभर गेल्या. हिंदुस्थानातही त्या आल्या. मुंबई-पुण्यात सोड्याचा धंदा मुख्यतः पारशी मंडळींनी उभा केला. मुंबईचे पालनजी १८६५ पासूनचे, पुण्याचे अर्देशीर १८८४ पासूनचे, तर मुंबईचे ड्यूक्स १८८९ पासूनचे. मग १८९२ साली अमेरिकेत विल्यम पेंटर यांनी पत्र्याच्या बुचाचे पेटंट घेतले आणि हळूहळू युरोप-अमेरिकेतून गोटीची बाटली मागे पडली. आपल्याकडे मात्र ती टिकली. मुंबईत गोटी सोडा, दिल्लीत बंटा, दक्षिणेत गोली सोडा अशा नावांनी ती आजही विकली जाते. उत्तर प्रदेशात सासनी येथे अलीकडच्या काळापर्यंत अशा बाटल्या बनत आल्या आहेत. २०२५ साली तर गोटीचा सोडा नव्या वेष्टनात आखाती देशांत आणि इंग्लंड-अमेरिकेत निर्यात होऊ लागल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले.

खरेदीदाराने हा इतिहास लक्षात ठेवण्याचे कारण असे : इंग्लंडमध्ये गोटीची बाटली सापडली तर ती बहुधा जुनीच असते. आपल्याकडे तसे नाही. येथे सापडलेली बाटली सव्वाशे वर्षांची असू शकते, तशीच वीस वर्षांचीही असू शकते. शिवाय दोन्ही बनविण्याची रीत बरीच सारखी आहे. म्हणून परदेशी पुस्तकांतील नियम येथे डोळे झाकून लावता येत नाहीत.

नकलेचे चार प्रकार

पहिला प्रकार, नवी बाटली माती-चुना फासून जुनी म्हणून विकणे. दुसरा, साध्या बाटलीचा रंग बदलणे. तिसरा, फुटलेला ओठ राळेने जोडून बाटली साबूत म्हणून खपविणे. चौथा, कोऱ्या बाटलीवर नाव उमटवून तिला एखाद्या नामांकित कंपनीची म्हणणे. पहिल्या आणि चौथ्या प्रकारात बाटलीच खोटी असते. दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारात बाटली खरी, पण तिच्याबद्दलचे सांगणे खोटे असते. व्यापाऱ्याच्या दृष्टीने नुकसान दोन्हींत सारखेच.

हातात घेऊन काय पाहावे?

दहापट मोठे दाखविणारे जवाहिऱ्यांचे भिंग, एक लहान विजेरी, एक जांभळ्या किरणांची (नोटा तपासण्याची) विजेरी आणि स्वच्छ कोरडे फडके एवढे सामान पुरे.

(१) साच्याची रेघ : साच्यात फुंकलेल्या बाटलीच्या दोन्ही बाजूंना उभी रेघ असते. ओठ नंतर हातहत्याराने फिरवून घडवला असेल तर ही रेघ ओठापाशी येऊन पुसट होते आणि ओठावर आडव्या, गोल फिरलेल्या बारीक रेषा दिसतात. रेघ थेट ओठावरून पार गेली असेल तर बाटली यंत्रावरची, म्हणजे विसाव्या शतकातील समजावी. परंतु उलट अर्थ काढू नये. गोटी आत टाकल्यावरच ओठ घडवावा लागतो, त्यामुळे नव्या बाटल्यांचे ओठही हातहत्याराचे असू शकतात. रेघ पुसट आहे म्हणजे बाटली जुनी, हा पुरावा अपुरा आहे.

(२) बुडबुडे : काचेत बुडबुडे दिसले की अनेक दुकानदार खुशाल शंभर वर्षे सांगतात. हे चूक आहे. लहान भट्टीतील आजच्या काचेतही बुडबुडे राहतात. बुडबुड्यांवरून भट्टी कशी होती ते कळते, वर्ष कळत नाही.

(३) बुडाची झीज : सर्वांत भरवशाची खूण हीच. जी बाटली वर्षानुवर्षे फरशीवर, लाकडी पेटीत, हातगाडीवर ठेवली-उचलली गेली, तिच्या बुडाच्या टेकणाऱ्या कडेवर असंख्य बारीक ओरखडे पडतात. ते वेगवेगळ्या दिशांनी, कमी-अधिक खोल असतात. पॉलिश कागदाने घासलेल्या बाटलीवर ओरखडे एकाच दिशेने किंवा एकसारखे गोल असतात. शिवाय घासणारा घाईत बुडाच्या मधल्या खोलगट भागालाही घासतो. जेथे बाटली जमिनीला टेकतच नाही, तेथे झीज कशी येईल? हा साधा प्रश्न स्वतःला विचारावा.

(४) अंगावरची झीज : सोड्याच्या बाटल्या पेटीत एकमेकींना लागून असत. त्यामुळे बाटलीचा जो भाग सर्वांत फुगीर, तेथेच घासलेला पट्टा दिसतो, तर आत दबलेला भाग तुलनेने स्वच्छ राहतो. सगळीकडे सारखी झीज असेल तर शंका घ्यावी.

(५) गोटी आणि खळ्या : विजेरी लावून गळ्याच्या आत पाहावे. हजारो वेळा उघडलेल्या बाटलीत गोटी जेथे आपटते, तेथे बारीक चंद्रकोरीसारख्या जखमा असतात. गोटी मोकळी फिरते की नाही तेही पाहावे. ओठ फोडल्याशिवाय गोटी बाहेर येत नाही. जुन्या काळी पोरांनी गोट्यांसाठी बाटल्या फोडल्या, म्हणूनच साबूत बाटल्या कमी उरल्या. त्यामुळे ओठ नंतर जोडलेला नाही ना, ही तपासणी महत्त्वाची.

(६) राळेची दुरुस्ती : जांभळ्या किरणांच्या विजेरीखाली अंधारात बाटली धरावी. राळ बहुधा पांढुरकी किंवा निळसर चमकते आणि भोवतीची काच वेगळी दिसते. ओठावर हलकेच नख वाजवावे. काचेचा आवाज खणखणीत, राळेचा बोदा. राळ बोटाला काचेएवढी थंड लागत नाही. मँगेनीज घातलेली जुनी बिनरंगी काच या किरणांत फिकट हिरवी चमकू शकते, पण एवढ्यावरून वय ठरवू नये.

(७) रबराची चकती : रबर कडक झालेले, तडकलेले आहे म्हणून बाटली जुनी, हा समज सोडून द्यावा. सोडेवाले रबर बदलत असत. उन्हात ठेवलेले रबर काही वर्षांतही तडकते. रबर ना बाटलीच्या बाजूने साक्ष देते, ना विरुद्ध.

(८) काचेवरची साय : जमिनीत गाडल्या गेलेल्या बाटलीवर दुधट साय किंवा इंद्रधनुष्यासारखी झाक येते. ती कोठे दाट, कोठे विरळ असते. आम्लात बुडवून आणलेला धुरकटपणा सर्वत्र सारखा असतो. उलटपक्षी, खरी साय झाकण्यासाठी काही विक्रेते आतून तेलाचा हात देतात किंवा बाटली ओली करून दाखवितात. काच ओली झाली की साय दिसेनाशी होते. म्हणून बाटली कोरडी करूनच पाहावी. आमच्या कारागीर बांधवांना एक कळकळीची सूचना : काच खाणारे आम्ल अत्यंत घातक असते. ते कातडीतून हाडापर्यंत पोचते व जीवही घेऊ शकते. चार पैशांसाठी असला प्रयोग घरात करू नये.

रंगाचा धोका

गोटीच्या बहुतेक जुन्या बाटल्या हिरवट-निळसर पाणीदार रंगाच्या असतात. वाळूतील लोहामुळे हा रंग आपोआप येतो. गडद निळी, तपकिरी किंवा दाट हिरवी बाटली दुर्मिळ आणि म्हणून महाग. काही इंग्रजी बाटल्यांचे अंग साधे आणि फक्त ओठ रंगीत असतो. दुसऱ्या सोडेवाल्याने आपली बाटली पळवू नये म्हणून ही खूण ठेवीत असत.

रंगात फसवणूक दोन मार्गांनी होते. एक म्हणजे वरून चढविलेला पारदर्शक रंग. तो कपचीच्या जागी, अक्षरांच्या कडांवर आणि खळ्यांच्या कोपऱ्यांत उघडा पडतो. अक्षराच्या खाचेत रंग साचून गडद दिसला तर समजावे. दुसरा मार्ग किरणोत्सर्गाचा. मँगेनीज असलेली बिनरंगी काच वर्षानुवर्षे उन्हात राहिली तर हलकी जांभळी होते, हे नैसर्गिक आहे. परंतु जोरदार किरणांखाली ठेवून तीच काच थोड्या वेळात दाट जांभळी करता येते, काही काचा तपकिरीही होतात. हा रंग काचेच्या आत असतो, तो पुसून जात नाही. अशा वेळी एकच उपाय : त्या कंपनीची बाटली त्या रंगात पूर्वी कोणी पाहिली आहे काय, याची जाणकारांकडे चौकशी करणे. “जगात एकच” असे सांगितले गेले तर आनंद मानण्याऐवजी सावध व्हावे.

आणखी एक गोष्ट. डागाळलेली बाटली तांब्याचे तुकडे आणि पॉलिशची पूड घालून यंत्रात फिरविली की चकचकीत होते. ही नक्कल नव्हे, पण अशा बाटलीची अक्षरे थोडी बोथट होतात आणि खरी झीजही निघून जाते. किंमत ठरविताना हे धरावे आणि विकताना गिऱ्हाइकाला सांगावे.

अक्षरे काय बोलतात?

अस्सल बाटलीची अक्षरे साच्यातूनच उठून आलेली असतात. बोट फिरविले की उंचवटा लागतो आणि त्याच्या कडा काचेत मिसळून जातात. वाळूच्या माऱ्याने किंवा कोरून काढलेली अक्षरे खोल आणि खरखरीत लागतात. जुन्या बाटलीवरून साचा उतरवून केलेल्या नकलेत अक्षरे पुसट येतात. शक्य असल्यास खऱ्या बाटलीशी अक्षरांची उंची, अंतर आणि वळण ताडून पाहावे.

त्यानंतर मजकूर वाचावा. नक्कल करणारा काचेत हुशार असतो, पण इतिहासात बहुधा कच्चा. खालील वर्षे लक्षात ठेवली तर बऱ्याच फसवणुकी वाचतील.

बॉम्बेचे अधिकृत नाव मुंबई झाले ते १९९५ साली. इंग्रजी अक्षरांत ‘मुंबई’ लिहिलेली बाटली कोणी १९०० सालची म्हणून विकू लागला तर पुढे बोलण्याचे कारण नाही. पिनकोड १९७२ साली सुरू झाला. दशमान वजने-मापांचा कायदा १९५६ चा. त्यापूर्वी देशी बाजारातील बाटलीवर मिलिलिटर असण्याचे कारण नाही. अन्नसुरक्षा कायदा २००६ चा, म्हणून त्या कायद्याखालचा परवाना क्रमांक असलेली बाटली त्यानंतरचीच.

येथे एक उलट चूकही होते. बाटलीवर पेटंटची तारीख दिसली की तीच बाटलीची तारीख मानली जाते. कोका-कोलाच्या बाटलीचे उदाहरण घ्या. तिच्या प्रसिद्ध आकाराचे पेटंट १६ नोव्हेंबर १९१५ चे. पुढच्या पेटंटची तारीख २५ डिसेंबर १९२३ ही ज्या बाटल्यांवर आहे, त्या तेथील शौकिनांत नाताळच्या बाटल्या म्हणून ओळखल्या जातात. पण त्या १९२३ नंतरही अनेक वर्षे बनत राहिल्या. तेव्हा पेटंटच्या तारखेवरून बाटली त्याच्या आधीची नाही एवढेच कळते.

फोटोवरून बोली लावताना

आता पुष्कळसे लिलाव मोबाईलवर फोटो पाहून होतात. फोटोत वरीलपैकी निम्म्या खुणा दिसत नाहीत. म्हणून विक्रेत्याकडून पुढील फोटो मागावेत : बूड सरळ वरून, ओठ दोन्ही बाजूंनी, खळ्यांचा भाग, अक्षरे तिरक्या उजेडात, बाटली पांढऱ्या कागदापुढे दिवसाच्या उजेडात, आणि बाजूला मोजपट्टी ठेवून पूर्ण उंची. वजन ग्रॅममध्ये विचारावे. बाटली कोठून आली तेही विचारावे. जुन्या घरातून, विहिरीतून, बंद पडलेल्या सोडा कारखान्यातून, जे असेल ते. उत्तर दोनदा विचारून ताडून पाहावे.

मग तीन प्रश्न लेखी विचारावेत. ओठाला किंवा अंगाला दुरुस्ती आहे काय? रंग मूळचा आहे काय? नक्कल निघाल्यास किती दिवसांत पैसे परत? प्रामाणिक विक्रेता उत्तर देतो. जो “फोटो पाहा आणि ठरवा” म्हणतो, त्याचे उत्तरही आपल्याला मिळालेच.

बोलीचा हिशेब

लिलावात भल्याभल्यांचे डोके गरम होते. म्हणून आकडा घरी ठरवून जावे. समजा, बाटली पुढे १४,००० रुपयांना जाईल असा आपला अंदाज आहे आणि आपल्याला २,५०० रुपये नफा हवा. म्हणजे सर्व खर्चासह ११,५०० च्या वर जाता कामा नये. पॅकिंग-कुरियर १,००० धरले तर उरले १०,५००. लिलावदाराचे कमिशन २० टक्के आणि कमिशनवर १८ टक्के कर धरला, तर १०० रुपयांच्या बोलीमागे आपल्याला १२३ रुपये ६० पैसे मोजावे लागतात. म्हणजे आपली शेवटची बोली सुमारे ८,५०० रुपये. जो १०,००० ला थांबतो त्याला वाटते आपण ४,००० कमावले. प्रत्यक्षात कमिशन २,०००, कर ३६० आणि कुरियर १,००० मिळून खर्च १३,३६० होतो आणि हातात राहतात ६४० रुपये.

अस्सलपणाबद्दल जेवढी शंका, तेवढी बोली कमी. निम्मी शंका असेल तर साध्या बाटलीच्या भावापुढे जाऊच नये.

कायदा काय म्हणतो?

दोन कायदे माहीत असावेत. पहिला, १९३० चा मालविक्री कायदा. त्याच्या ६४ व्या कलमानुसार हातोडा पडेपर्यंत बोली मागे घेता येते. विक्रेत्याने स्वतः किंवा आपल्या माणसाकडून बोली लावण्याचा हक्क आधी जाहीर केला नसेल तर त्याला तशी बोली लावता येत नाही. भाव चढविण्यासाठी खोटी बोली लावली गेली असेल तर खरेदीदाराला सौदा रद्द करता येतो.

दुसरा, १९७२ चा पुरावस्तू कायदा. ऐतिहासिक महत्त्वाची किंवा कला-कारागिरीची शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते. पुरावस्तूंचा धंदा करण्यास परवाना लागतो आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर पाठविता येत नाही. या गुन्ह्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. एखादी वस्तू पुरावस्तू आहे की नाही, यावर वाद झाल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या महासंचालकांचा निर्णय अखेरचा असतो. म्हणून जुनी बाटली परदेशी गिऱ्हाइकाला पाठविण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याकडून ‘पुरावस्तू नाही’ असा दाखला घ्यावा. काही जण गिऱ्हाइकाला “१८९० ची” असे लिहितात आणि कस्टमच्या कागदावर “नवी शोभेची वस्तू” असे भरतात. यांपैकी एक विधान खोटे असणारच, आणि दोन्ही कागद त्यांच्याच सहीचे असतात.

आमची जबाबदारी

लिलाव इस्लाममध्ये निषिद्ध नाही. एका गरजू अन्सारी गृहस्थाच्या घरातील कापड व वाटी प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्वतः लिलावाने विकून त्यांना रोजगाराचा मार्ग दाखविला, ही हदीस सर्वपरिचित आहे. मात्र घेण्याचा इरादा नसताना दुसऱ्याला फसविण्यासाठी बोली चढविणे, म्हणजेच ‘नज्श’, याला स्पष्ट मनाई आहे. धान्याच्या राशीत हात घालून आतला ओला भाग बाहेर काढणारी हदीसही आपण लहानपणापासून ऐकतो. निळ्या रंगाखालची साधी बाटली आणि कोरड्या धान्याखालचे ओले धान्य यांत फरक काय?

मालातील दोष लपविला गेला असेल तर खरेदीदाराला सौदा परत फिरविण्याचा हक्क शरियत देते. न पाहिलेल्या मालाबाबत हनफी मतानुसार माल पाहिल्यावर नकार देता येतो. शाफई मत तर अशा सौद्याबाबत अधिकच कडक आहे. आमचे कोकणी बांधव शाफई असल्याने फोटोवरच्या मोठ्या सौद्यापूर्वी त्यांनी आपल्या उलेमांना अवश्य विचारावे. “जसा आहे तसा” असे पावतीवर छापून कायद्याच्या तावडीतून सुटता येईलही. पण ज्याला दोष ठाऊक होता, त्याने तो न सांगणे ही जबाबदारी त्या छापील ओळीने उतरत नाही.

नव्या बाटल्या बनविणाऱ्या व विकणाऱ्या कारागिरांनी यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. गोटीची बाटली घडविणे हे कठीण हुन्नर आहे आणि ते जगात थोड्याच ठिकाणी उरले आहे. ती नवी म्हणून, जुन्या धर्तीची म्हणून विकावी. बुडावर सन घालावा. शोभेसाठी, हॉटेलांसाठी, निर्यातीसाठी तिला गिऱ्हाईक आहे. खोटे वय चिकटविले की मात्र तोच माल फसवणुकीचा ठरतो आणि बदनामी साऱ्या बाजाराची होते. परदेशातील गिऱ्हाईक एका दुकानदाराचे नाव लक्षात ठेवत नाही. “चोर बाजारात फसलो” एवढेच तो सांगतो, आणि त्याची किंमत शेजारच्या प्रामाणिक दुकानदाराला मोजावी लागते.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या तरुणाने पुढे काय केले, ते सांगून हा लेख पुरा करतो. त्यांनी बाटलीचा निळा रंग पूर्ण पुसून टाकला. आता ती त्यांच्या दुकानात साध्या हिरवट रूपात ठेवलेली आहे, आणि खाली चिठ्ठी आहे : “जुनी बाटली, ओठाला कपची, किंमत साध्या बाटलीची.” ती रंगवलेलीच पुढच्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारली असती तर त्यांचे चौदा हजार वसूल झाले असते. त्यांनी तसे केले नाही. नुकसान झाले खरे, पण त्या दुकानात माल न्याहाळणाऱ्या गिऱ्हाइकाला आता भिंग मागावे लागत नाही. ते स्वतःच काढून त्याच्या हातात देतात.